विद्यापीठातून डेटा फुटला: विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि कर्मचारी यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा फुटला म्हणजे नक्की काय झालं?

ज्याला बघायचा अधिकार नाही अशा कोणाच्या तरी हाती तुमची माहिती गेली. ती चोरीला गेली, चुकीच्या पत्त्यावर ई-मेल झाली किंवा शीटची लिंक साऱ्या जगाला उघडी राहिली, तरी त्याला डेटा फुटणंच म्हणायचं. धोका मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. चोरांच्या टोळीने नेलेली माहिती विकली जाते. चुकून पाठवलेली यादी ओळखीच्या लोकांत फिरते, आणि ते कधी कधी जास्त झोंबतं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात ४२ विद्यार्थ्यांची आजारपणं आणि घरगुती अडचणी नोंदवलेली एक्सेल फाइल जवळपास तीनशे विद्यार्थ्यांना ई-मेलने गेली. त्यात हॅकर कुठेच नव्हता. वाचणारे सहाध्यायीच होते.

विद्यापीठंच यात इतक्यांदा का सापडतात?

एकाच संस्थेत प्रवेश, परीक्षा, वसतिगृह, दवाखाना, पगार, देणग्या आणि संशोधन असं सगळं चालतं, आणि प्रत्येक विभागाला आपला वेगळा सर्व्हर, वेगळी वेबसाइट हवी असते. दरवर्षी हजारो खाती उघडतात. जुनी वेळेवर बंद होतीलच असं नाही.

ग्रिनिच विद्यापीठाचं उदाहरण बघा. २००४ मध्ये एका प्रशिक्षण परिषदेसाठी छोटी वेबसाइट बनवली गेली. परिषद संपली, वेबसाइट तशीच राहिली. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा फोडली गेली, २०१६ मध्ये पुन्हा, आणि तिच्यातून वाट काढत हल्लेखोर १९,५०० लोकांच्या माहितीपर्यंत पोचले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी विद्यापीठाला १,२०,००० पौंड दंड केला. मुख्य यंत्रणेला सहसा राखणदार असतो. अशा विसरलेल्या कोपऱ्यांना कोणी वाली नसतो.

मी शिकून बाहेर पडून वीस वर्षं झाली. माझा काय संबंध?

दुर्दैवाने पुरेपूर आहे. फुटतो तो बहुतेक वेळा साठवून ठेवलेला जुना डेटा. २०१४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातून ३,०९,०७९ नोंदी गेल्या, त्या १९९८ पासूनच्या होत्या. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात ३० लाखांहून जास्त अर्जदारांची माहिती उघडी पडली. त्यातल्या काही नोंदी १९८९ पर्यंत मागे जात होत्या.

‘अर्जदार’ हा शब्द नीट वाचा. प्रवेश मिळाला नाही, किंवा मिळूनही घेतला नाही, अशांचे अर्जसुद्धा सांभाळून ठेवलेले असतात. गुणपत्रिकेची नोंद कायम ठेवायला सबळ कारण आहे. नाकारलेल्या अर्जातला पालकांच्या उत्पन्नाचा दाखला दहा वर्षं कशासाठी लागतो, याचं उत्तर फार थोड्या कार्यालयांकडे असतं.

माहिती बाहेर पडते तरी कशी?

वाटा चार-पाचच आहेत, पण त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात.

सगळ्यात जुनी वाट फिशिंगची, म्हणजे फसव्या ई-मेलची. मास्ट्रिख्ट विद्यापीठात १५ आणि १६ ऑक्टोबर २०१९ ला दोन फसव्या ई-मेल उघडल्या गेल्या. हल्लेखोर दोन महिने आत फिरत राहिले आणि २३ डिसेंबरला, सुट्टीच्या तोंडावर, २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले. काही बॅकअपही त्याच नेटवर्कवर असल्याने तेही गेले. ते उघडायला विद्यापीठाने ३० बिटकॉइन खंडणी मोजली. कॅनबरामधल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत २०१८ च्या शेवटी तर ई-मेलमधल्या लिंकवर कोणी क्लिकसुद्धा केलं नव्हतं. तो ई-मेल नुसता प्रिव्ह्यूत दिसला आणि तेवढ्याने काम झालं, असं विद्यापीठाच्याच जाहीर अहवालात आहे. म्हणून ‘क्लिक करू नका’ ही सूचना बरोबर असली तरी अपुरी आहे.

दुसरी वाट फोनची, तिची आता भर पडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रिन्स्टन आणि हार्वर्ड या दोन्ही ठिकाणी माजी विद्यार्थी आणि देणगीदारांच्या नोंदी असलेल्या यंत्रणेत शिरकाव झाला, तो कर्मचाऱ्यांना फोनवरून फसवून. ‘आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या मोबाइलवर विनंती आली असेल, मंजूर करा’ एवढं वाक्य पुरतं.

तिसरी वाट पुरवठादाराची. विद्यापीठाने सगळं नीट केलं तरी त्याने ज्याच्याकडे फाइल पाठवली तो फुटतो. मे २०२३ च्या अखेरीस ‘मूव्हइट’ या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधली, कोणालाच माहीत नसलेली त्रुटी क्लॉप या हॅकरांच्या टोळीने वापरली. अमेरिकेतल्या ‘नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस’ या एकाच संस्थेमार्फत सुमारे ९०० शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांची माहिती त्यात सापडली. त्यातल्या बहुतेकांनी या संस्थेचं नावही ऐकलेलं नसेल.

चौथी वाट सगळ्यात लाजिरवाणी. निकालाच्या पानाच्या पत्त्यात शेवटी १०४५२३ असा आसन क्रमांक दिसतो. तो १०४५२४ केला की शेजारच्या मुलीची गुणपत्रिका उघडते, फोटो आणि सहीसकट. सर्व्हर ‘हा क्रमांक आहे का’ एवढंच बघतो, ‘मागणाऱ्याला तो बघायचा अधिकार आहे का’ हे विचारतच नाही. यावर ‘जन्मतारीखही विचारू’ असा उपाय हमखास सुचवला जातो. एका वर्गातली बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत जन्मलेली असतात, म्हणजे फार तर ७३१ तारखा. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर साधा प्रोग्राम त्या सगळ्या काही मिनिटांत वापरून बघतो.

पाचवी वाट एक्सेलची. तिच्याबद्दल खाली, कर्मचाऱ्यांच्या प्रश्नात.

विद्यापीठाचा ई-मेल आलाय. खरा की खोटा?

बातमी फुटली की दोन-चार दिवसांत तिच्याच नावाने खोटे ई-मेल सुरू होतात, म्हणून हा प्रश्न आधी विचारलात ते बरं. ई-मेलमधली लिंक वापरू नका. विद्यापीठाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा आणि तीच सूचना तिथे आहे का ते बघा. खऱ्या सूचनेत पासवर्ड, ओटीपी किंवा ‘पडताळणी शुल्क’ मागितलेलं नसतं. तुमचं नाव, शाखा आणि आसन क्रमांक बरोबर आहे म्हणून ई-मेल खरा मानू नका. तोच तर डेटा फुटलाय.

त्या पत्रातली भाषा कशी वाचायची?

वकिलांच्या नजरेखालून गेलेलं पत्र असतं ते, त्यामुळे शब्द तोलून वापरलेले असतात. ‘गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही’ याचा अर्थ गैरवापर झाला नाही असा होत नाही. शोधला का, कुठे शोधला, आणि त्या काळाच्या नोंदी म्हणजे लॉग शिल्लक होते का, हे विचारायला हवं. लॉग तीसच दिवस ठेवले जात असतील आणि शिरकाव पाच महिन्यांपूर्वीचा असेल, तर पुरावा सापडणार कुठून? ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रकरणात हल्लेखोरांनी आपल्या खुणा पुसल्या होत्या. सुरुवातीला १९ वर्षांचा डेटा गेल्याची भीती होती. नंतर त्याहून बराच कमी गेला असं अहवालात आलं, पण नेमका किती ते ठरवता आलं नाही.

‘मर्यादित माहिती’ असं लिहिलं असेल तर रकान्यांची यादी मागा. पत्रात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: शिरकाव कधीपासून कधीपर्यंत होता, कोणत्या यंत्रणेतून झाला, तुमचे नेमके कोणते तपशील गेले, आणि प्रश्न विचारायला कोणाकडे जायचं. तिसरी गोष्ट नसेल तर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता लगेच काय करू?

काय फुटलं त्यावर ते ठरतं. सरसकट सगळे पासवर्ड बदलत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि महत्त्वाचं राहून जातं.

पासवर्ड फुटला असेल तर आधी तो बदला, मग तोच किंवा त्याच्यासारखा पासवर्ड आणखी कुठे वापरलाय ते आठवा. सुरुवात वैयक्तिक ई-मेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. शेवटचा आकडा बदलून केलेला ‘नवा’ पासवर्ड नवा नसतो. चोरांचे प्रोग्राम असे फेरफार स्वतःहून करून बघतात. बदलल्यावर ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय वापरा, नाहीतर आधीच आत बसलेला माणूस आतच राहतो.

त्यानंतर ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन जागा बघा: फॉरवर्डिंगचा पत्ता, नियम म्हणजे फिल्टर, आणि खात्याला जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स. हे हमखास राहतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकी विद्यापीठांतल्या पगारचोरीची पद्धत उघड केली. चोर कर्मचाऱ्याच्या ई-मेलमध्ये शिरायचा, पगाराच्या यंत्रणेकडून येणारे इशारे आपोआप डिलीट व्हावेत असा नियम बनवायचा, आणि मग निवांतपणे पगाराचं बँक खातं बदलायचा. कर्मचाऱ्याला कळायचं ते पगार जमा न झाल्यावर.

बँक तपशील गेले असतील तर बँकेला कळवा आणि प्रत्येक व्यवहाराचा इशारा मोबाइलवर सुरू करा. नुसत्या खाते क्रमांकावर पैसे काढणं अवघड असतं, पण तो क्रमांक सांगून ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन करणं सोपं होतं. मोबाइल क्रमांक गेला असेल तर चोराने त्याच क्रमांकाचं नवं सिम स्वतःकडे काढून घेण्याचा धोका असतो. कंपनीकडे सिमसाठी पिन किंवा जादा पडताळणी लावता येते का ते विचारा, आणि महत्त्वाच्या खात्यांवर एसएमएसच्या ओटीपीऐवजी अ‍ॅपमधला कोड किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकाच्या कुलपाने साइन इन करायची सोय) लावा. पासकी जास्त चांगली: ती खऱ्या वेबसाइटशीच बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर चालतच नाही. अ‍ॅपमधला सहा आकडी कोड मात्र तुम्हाला फसवून काढून घेता येतो.

जन्मतारीख आणि सरकारी ओळख क्रमांक बदलता येत नाही. मग?

म्हणूनच हा प्रकार सगळ्यात वाईट. पासवर्डचं दुखणं दहा मिनिटांत संपतं. जन्मतारीख, आईचं नाव आणि ओळख क्रमांक यांचा त्रास पाच-सात वर्षांनीही होऊ शकतो, कारण त्या जोरावर तुमच्या नावाने कर्ज काढायचा प्रयत्न होतो. माहिती परत झाकता येत नाही, तिचा उपयोग अवघड करता येतो. क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवा आणि ओळखीचं नसलेलं कर्ज किंवा चौकशी दिसते का ते बघा. अमेरिकेत क्रेडिट गोठवण्याची, म्हणजे तुमच्या नावाने नवं कर्ज निघणं अडवण्याची सोय सप्टेंबर २०१८ पासून फुकट आहे, पण कर्जांची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी करावी लागते. एकीकडे करून थांबलात तर दोन दारं उघडी राहतात. तुमच्या देशात ओळख क्रमांक किंवा बायोमेट्रिक कुलूपबंद करायची सोय असेल तर ती वापरा.

‘पहिल्या शाळेचं नाव काय’ छापाच्या सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरं देणं बंद करा. काहीतरी असंबद्ध शब्द द्या आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये, लिहून ठेवा.

विद्यापीठ वर्ष-दोन वर्षांची फुकट ‘क्रेडिट देखरेख’ देत असेल तर घ्या. पण देखरेखीतून चोरी झाल्याचं कळतं. चोरी अडवायचं काम गोठवण्याने होतं.

‘पासवर्ड हॅश केलेले होते’ म्हणे. म्हणजे सुरक्षित ना?

कोणत्या पद्धतीने हॅश केले त्यावर आहे. हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा. चोर तो उलटा फिरवतच नाही. तो अंदाज करतो, अंदाजाचा ठसा काढतो आणि जुळतो का बघतो. एमडी५ ही जुनी पद्धत वापरली असेल तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. बीक्रिप्ट किंवा अर्गॉन२ या पद्धती मुद्दाम संथ बनवल्या आहेत. बीक्रिप्टमधला ‘कॉस्ट’ म्हणजे मेहनत ठरवणारा आकडा एकाने वाढवला की प्रत्येक अंदाजाचं काम दुप्पट होतं. शिवाय प्रत्येक पासवर्डला वेगळं ‘सॉल्ट’ (ठसा काढण्याआधी जोडलेली कशीही निवडलेली अक्षरं) हवं, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी ठसे वेगळे निघतात. विद्यापीठाला पद्धतीचं नाव विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर एमडी५ होतं असं धरून चाला.

माझा पासवर्ड आधीच फुटलाय का, हे तपासण्यासाठी तो कुठल्याशा वेबसाइटवर टाकायचा?

अनोळखी वेबसाइटवर कधीच नाही. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या वेबसाइटवर ई-मेल पत्ता टाकून तो कुठे फुटलाय का ते बघता येतं. तिथल्या पासवर्ड तपासणीत तुमचा पासवर्ड बाहेर जातच नाही. तुमच्याच संगणकावर त्याचा ४० अक्षरी ठसा निघतो, त्यातली पहिली ५ अक्षरं पाठवली जातात, त्या पाचांनी सुरू होणाऱ्या शेकडो ठशांची यादी परत येते आणि जुळणी तुमच्याकडेच होते. बरेच पासवर्ड मॅनेजर हीच सोय आतून वापरतात. पत्ता तिथे सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच चोऱ्या तिथपर्यंत पोचतच नाहीत.

विद्यापीठाने खंडणी दिली, चोरांनी डेटा नष्ट केला असं कळवलंय. विश्वास ठेवू?

नको. प्रत काढायला सेकंद पुरतो आणि ती नष्ट केल्याचा पुरावा असूच शकत नाही. २०२० मध्ये देणगीदारांच्या नोंदी सांभाळणारी ब्लॅकबॉड ही कंपनी फुटली. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं तिची गिऱ्हाइकं होती. कंपनीने खंडणी दिली, प्रत नष्ट झाल्याची ग्वाही मिळाल्याचं सांगितलं, बँक तपशील गेले नाहीत असंही म्हटलं. ते गेल्याचं नंतर निघालं, आणि लोकांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०२३ मध्ये ३० लाख डॉलरचा दंड लावला. शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूलचा डेटा डिसेंबर २०२४ मध्ये गेला. त्यांनीही पैसे दिले, आणि मे २०२५ मध्ये त्याच डेटाच्या जोरावर शाळांकडे नव्याने खंडणी मागितली गेली.

कुलूपबंद यंत्रणा परत चालू व्हावी म्हणून पैसे देण्यामागची अगतिकता समजू शकते. ‘डेटा बाहेर काढू नका’ म्हणून दिलेले पैसे बहुधा पाण्यात जातात.

किती दिवसांत कळवायचं बंधन आहे?

देशागणिक वेगळं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे गळती लक्षात आल्यापासून ७२ तासांत नियामकाला, आणि धोका मोठा असेल तर लोकांनाही विनाविलंब. हे ७२ तास ‘लक्षात आल्यापासून’ मोजतात, चोरी झाल्यापासून नाही. चोरी सहा महिने आधी झाली असली तरी ते महिने त्यात धरले जात नाहीत. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींचा १९७४ चा फेर्पा कायदा आहे, पण गळती झाल्यास विद्यार्थ्याला कळवा असं तो सांगत नाही. ते बंधन राज्यांच्या कायद्यांतून येतं.

मी विभागाच्या कार्यालयात काम करतो. माझ्या हातून डेटा फुटू नये म्हणून काय बघू?

पहिली सवय एक्सेलची. लपवलेला रकाना नुसता दिसत नसतो, फाइलमध्ये असतोच. उजवं क्लिक करून ‘अनहाइड’ केलं की समोर. पिव्होट टेबल त्याहून फसवं. तुम्ही शाखावार बेरजेचा तक्ता पाठवता, घेणारा बेरजेच्या आकड्यावर डबल-क्लिक करतो आणि नव्या शीटवर मागच्या सगळ्या ओळी नावानिशी उघडतात. मूळ शीट तुम्ही काढून टाकली असली तरी. म्हणून बाहेर द्यायचा तक्ता नव्या कोऱ्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून न्या, मग ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. पीडीएफमध्ये नावांवर काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं कॉपी करता येतात. रीडॅक्शनची, म्हणजे मजकूर फाइलमधून कायमचा काढायची खरी सोय वापरा, आणि पाठवण्याआधी ते नाव फाइलमध्ये शोधून बघा.

दुसरी सवय लिंकची. ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ हा पर्याय घाईत निवडला जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. दर सत्राच्या शेवटी शेअर केलेल्या फाइलींची यादी उघडून निम्म्या बंद करा. अनेकांना ई-मेल पाठवताना पत्ते बीसीसीत टाका. पन्नासाच्या वर असतील तर मेलिंग लिस्टच बरी.

तिसरी सवय टाकून देण्याची. जे ठेवलेलंच नाही ते फुटत नाही. प्रवेशप्रक्रिया संपल्यावर ओळखपत्रांच्या प्रती कधी काढायच्या याची तारीख ठरवा, आणि डाउनलोड फोल्डर, पेन ड्राइव्ह, स्वतःच्या ई-मेलचं ‘सेंट’ हेही त्यात धरा.

माझ्या संगणकावर काहीतरी गडबड वाटतेय. बंद करू का?

नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, पण संगणक चालू ठेवा. बंद केल्यावर मेमरीतल्या खुणा पुसल्या जातात आणि काय घडलं ते शोधणं कठीण होतं. स्वतः साफसफाई किंवा फॉरमॅट करू नका. दुसऱ्या फोनवरून सुरक्षा विभागाला कळवा, वेळ लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढा. चुकीचा ई-मेल पाठवला असेल तरी हेच: परत बोलावण्याची सोय सहसा संस्थेबाहेरच्या पत्त्यांवर चालत नाही, म्हणून ती वापरून गप्प बसू नका. पहिल्या तासात सांगितलेली चूक निस्तरता येते. बोलणी खावी लागतील म्हणून लपवलेली चूक बाहेरूनच कळते.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर मलाच एक भोक सापडलंय. काय करू?

दुसऱ्याची नोंद उघडली हे कळलं तिथेच थांबा. ‘किती मोठं आहे बघू’ म्हणून पाचशे गुणपत्रिका उतरवल्यात तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी बहुतेक कायद्यांत तुम्हीच आरोपी ठरू शकता. पानाचा पत्ता, तारीख, वेळ आणि पायऱ्या लिहा. फोटो काढलात तर नाव-क्रमांक झाकून. साइटच्या पत्त्यापुढे ‘/.well-known/security.txt’ टाइप करून बघा, ही फाइल असेल तर कळवायचा पत्ता तिथे मिळतो. नसेल तर आयटी प्रमुख आणि डेटा संरक्षण अधिकारी, दोघांनाही एकाच ई-मेलने कळवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर देशाच्या सायबर आपत्ती पथकाकडे, म्हणजे ‘सर्ट’कडे जा. समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका. भोक बुजेपर्यंत तुमची पोस्ट म्हणजे चोरांना दाखवलेली वाट.

माझी माहिती काढून टाका असं सांगता येतं का?

जिथे तसा कायदा आहे तिथे येतं, पण सगळी नाही. पदवी आणि गुणांची नोंद विद्यापीठ ठेवणारच, आणि पुढे कधी पडताळणी लागली तर तुम्हालाही ती हवी असेल. मागणी नेमकी करा: ओळखपत्राच्या प्रती, बँक तपशील, पालकांचं उत्पन्न, वैद्यकीय दाखले, माजी विद्यार्थी संघाच्या आणि देणगी विभागाच्या यादीतलं नाव. ‘माझा सगळा डेटा काढा’ असं लिहिलंत तर नकार येतो. पाच ओळींची यादी दिलीत तर निदान तीनवर काम होतं. त्यातच विचारा की हा डेटा बाहेरच्या कोणकोणत्या पुरवठादारांकडे गेलाय, आणि तिथूनही काढल्याचं लेखी मागा.